इच्छेचा टेकू

पुणे

चि. छोटीस,



तुझा निबंध वाचला. ‘ॲनाक्लिसिस’सारखा विषय घेतलास याचं कौतुक वाटलं, वर्गातली बाकीची मंडळी ईडिपस गंड नाहीतर स्वप्नं धरून बसली असणार. पहिली चार पानं छान उतरली आहेत. पाचव्या पानावर मात्र अडखळले. प्रशिक्षणात भेटलेल्या एका बाईंबद्दल तू तिथे लिहितेस, की यांचं प्रेम ॲनाक्लिटिक आहे, कारण आईने यांचं दूध फार लवकर तोडलं. एवढ्याशा वाक्यात तीन वेगवेगळ्या काळांतले तीन अर्थ एकमेकांत मिसळलेस आणि जाता जाता एका माउलीवर ठपका ठेवून मोकळी झालीस. तोंडी परीक्षेत हे खपून जाईल, कारण परीक्षकांनाही ही संज्ञा फारशी ठाऊक नसते. पण उद्या तू खुर्चीत बसशील, समोर कुणी दुखावलेलं माणूस असेल आणि तुझ्या शब्दाला वजन असेल. तेव्हा असलं वाक्य खपता कामा नये. म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर तू नुसतं ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतेस.

आधी मुळाशी जाऊ. १९०५ साली फ्रॉइडने लैंगिकतेच्या सिद्धान्तावरचे तीन निबंध प्रसिद्ध केले. त्या काळच्या शहाण्यासुरत्यांची समजूत अशी, की कामवासना बालपणी नसतेच. वयात येताना ती आपोआप जागी होते, आणि तिचा विषय नि तिचा मार्ग निसर्गाने आधीच ठरवून दिलेला असतो. पहिल्या निबंधात फ्रॉइडने ही समजूत मोडून काढली. मग साहजिकच प्रश्न उरला: निसर्गाने ठरवून दिलेली नाही, तर ती येते कुठून? भुकेचं तसं नाही. भूक कुठून येते ते पोट सांगतं.

याचं उत्तर शोधायला तो गेला अंगठा चोखणाऱ्या बाळाकडे. बुडापेस्टच्या लिंडनर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १८७९ मध्येच या सवयीवर लिहिलं होतं, आणि फ्रॉइडने त्याचं नाव मोकळेपणाने घेतलं आहे. बाळाचं पोट भरलेलं असतं, अंगठ्यातून दूध येत नाही, तरी ते चोखत राहतं. का? फ्रॉइडचं म्हणणं असं, की दूध पिताना भूक भागत होती, पण त्याच वेळी ओठांना आणि जिभेला आणखी एक सुख मिळत होतं. ते कुणी मागितलेलं नव्हतं, भुकेच्या जोडीने आलं. पुढे बाळ ते सुख भुकेवाचूनही मागू लागतं. इच्छेची सुरुवात तो इथे धरतो. जगण्याच्या गरजेला टेकून ती उभी राहते आणि मग गरजेपासून सुटी होते. या टेकण्याला ॲनाक्लिसिस म्हणतात.

तुमच्या घरासमोर इमारतीचं काम चालू आहे, म्हणून तिथलंच उदाहरण देते. स्लॅब टाकण्याआधी सेंटरिंग करतात. खाली बल्ल्यांचे टेकू, वर फळ्या, त्यावर काँक्रीट. काँक्रीट धरलं की टेकू काढून घेतात आणि स्लॅब स्वतःच्या बळावर राहतो. पण खालून मान वर करून पाहिलंस तर फळ्यांचे सांधे, कधी लाकडाच्या रेषासुद्धा, स्लॅबच्या पोटावर उमटलेल्या दिसतात. भूक हे सेंटरिंग आणि इच्छा हा स्लॅब, असं समज. मोठेपणीच्या प्रेमात ओठांना, स्पर्शाला, नुसत्या अंगाच्या ऊबेला एवढं स्थान का, याचं फ्रॉइडचं उत्तर त्या उमटलेल्या रेषांमध्ये आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट मनात पक्की कर, कारण इथे माणसं घसरतात आणि काही जण मुद्दाम घसरतात. फ्रॉइडच्या ‘लैंगिक’ या शब्दाची व्याप्ती फार मोठी आहे. गरज भागण्यापलीकडचं शरीराचं सुख तो त्यात धरतो. बाळाला मोठ्यांसारखी कामेच्छा असते, असा त्याचा अर्थ नाही. या सिद्धान्ताच्या आडून कुणी तसं सुचवू लागला तर त्याला तिथल्या तिथे थांबवायचं. शांडोर फेरेंझीने १९३२ मध्ये वीसबाडेनला मनोविश्लेषकांच्या परिषदेत हेच बजावलं होतं: मूल मायेच्या भाषेत बोलतं, मोठा माणूस त्यावर आपल्या वासनेची भाषा लादतो आणि मुलाचं मन मोडतं. फ्रॉइडला ते भाषण मुळीच रुचलं नाही. इंग्रजीत ते छापून यायला १९४९ साल उजाडलं. माझ्या मते त्या वादात फेरेंझीचं बरोबर होतं. तुझ्या कामात याचा एक रोखठोक भाग आहे. एखाद्या मुलावर अत्याचार झाल्याचं, किंवा होण्याची शक्यता असल्याचं तुला कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘मुलाची कल्पना असेल’ हे वाक्य त्या क्षणी तुझ्या तोंडी येता कामा नये.

आता १९१४. आत्मप्रीतीवरच्या लेखात फ्रॉइड हीच कल्पना वेगळ्या कामाला लावतो. माणूस प्रेमासाठी कुणाला निवडतो? एक निवड टेकण्याची: जिने भरवलं, ज्याने राखलं, त्यांच्या वळणाचं माणूस. दुसरी आत्मप्रीतीची: आपण जसे आहोत, जसे होतो, जसं व्हावंसं वाटतं, तसं माणूस, किंवा जे कधीकाळी आपलाच भाग होतं ते. तू हे दोन गट करून माणसांची वाटणी केलीस. फ्रॉइडने तर तिथेच स्पष्ट लिहिलंय, की माणसांचे असे दोन कप्पे पडत नाहीत आणि दोन्ही वाटा प्रत्येकाला खुल्या असतात. नंतर मात्र तोच ठोकून देतो, की पूर्णपणे टेकलेलं प्रेम हे पुरुषाचं लक्षण. हे त्याच्या काळाचं आणि त्याच्या दिवाणखान्याचं मत म्हणून सोडून दे. पण गंमत बघ, तुझ्या बाईंना ते लेबल लावताना खुद्द फ्रॉइड तुझ्या विरुद्ध साक्ष देतो आहे.

त्याच लेखात आणखी एक बारीकशी गोष्ट आहे, ती तुझ्या नजरेतून सुटली. टेकायचं कुणावर, तर आई किंवा आईच्या जागी जी कुणी असेल तिच्यावर, असं तो म्हणतो. त्याला हे स्वतःवरून ठाऊक होतं. फ्रायबर्गला तो लहान असताना त्याला एक दाई सांभाळायची. चोरीच्या आरोपावरून ती तुरुंगात गेली. चाळिशीच्या घरात असताना आपला मित्र फ्लीस याला लिहिलेल्या पत्रांत तिच्या आठवणी तो उकरून काढतो. आपल्याकडे तर आई शेतावर किंवा कचेरीत, आणि मूल आजीच्या, मोठ्या बहिणीच्या, नाहीतर पाळणाघरातल्या बाईंच्या हाती, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्या बाईंना भरवलं कुणी, हे तू विचारलंस का? निबंधात तरी दिसत नाही.

वाचनाची एक सूचना. तू ‘तीन निबंध’ स्ट्रेची यांच्या इंग्रजी भाषांतरात वाचलेस, म्हणजे २४ खंडांपैकी सातवा. त्या पुस्तकाला फ्रॉइड पुढच्या आवृत्त्यांत सारखा हात लावत राहिला, त्यामुळे १९०५ चा मजकूर आणि नंतरची भर शेजारी शेजारी बसली आहे. लैंगिक व्यवहार सुरुवातीला जगण्याच्या कार्यांना टेकतो, हे सरळ विधान तू १९०५ चं म्हणून दिलंस. ते १९१५ ची भर आहे. स्ट्रेची यांनी कंसांत आणि तळटिपांत साल दिलेलं असतं. तळटिपा वाचत जा. शिवाय जर्मनमध्ये हा सगळा खटाटोप टेकण्याच्या एका रोजच्या शब्दावर चालतो. इंग्रजीत त्याला एके ठिकाणी ग्रीक पोशाख चढला आणि दुसरीकडे नाही. त्यामुळे हा एकच विचार आहे हे इंग्रजी वाचकाच्या ध्यानात सहजी येत नाही.

ते ध्यानात आणून दिलं दोन फ्रेंच माणसांनी, झाँ लाप्लांश आणि झाँ-बर्त्रां पोंतालिस यांनी, १९६७ च्या मनोविश्लेषणाच्या शब्दकोशात. फ्रॉइडची एकेक संज्ञा घेऊन तिचा सगळ्या लेखनातून माग काढायचा, असं ते काम आहे. आपल्याकडे संतवाङ्मयाचे अभ्यासक करतात तसं चिकाटीचं. लाप्लांश अवघड लिहितो, तुझा धीर सुटेल. तेव्हा एवढं आठवायचं, की हा गृहस्थ बर्गंडीत बायकोच्या जोडीने द्राक्षमळा सांभाळून पोमारची वाइन काढायचा. जमिनीवरचा माणूस होता.

१९७० मध्ये ‘मनोविश्लेषणातील जीवन आणि मृत्यू’ या पुस्तकात त्याने एक बारीक फट दाखवली, आणि माझ्या मते या संज्ञेची खरी किंमत त्या फटीत आहे. फ्रॉइड म्हणतो, प्रेमविषय सापडणं म्हणजे हरवलेला विषय पुन्हा सापडणं. लाप्लांश विचारतो, हरवलं काय होतं? भुकेने मागितलं होतं दूध. इच्छा शोधते आहे ते दूध पाजणाऱ्या छातीचं मनात उरलेलं चित्र. दूध आणि ते चित्र शेजारी शेजारी असतील, एक नाहीत. म्हणजे जे हरवलं तेच शोधलं जात नाही, आणि जे सापडतं ते हरवलेलं नसतं. शोध सुरू होतानाच तो किंचित बाजूला सरकलेला असतो. आता तुझं वाक्य याच्या शेजारी ठेवून बघ. दूध लवकर तुटलं, म्हणून आज नवऱ्याकडून ते भरून घ्यायचं आहे, असा तू हिशेब मांडलास. हा हिशेब भुकेचा आहे. भूक भरून निघते. इच्छेला अशी थकबाकी नसते, आणि नवऱ्याने कितीही दिलं तरी त्या खात्यावर जमा होत नाही. म्हणूनच तर माणसं भरल्या घरात आतून भुकेली असल्यासारखी वागतात.

पुढे लाप्लांशने या संज्ञेलाच उलटतपासणीला उभं केलं. १९८७ च्या ‘मनोविश्लेषणाचा नवा पाया’ या पुस्तकात त्याचा आक्षेप थोडक्यात असा, की सेंटरिंग दाखवलंत, ठीक. पण काँक्रीट आलं कुठून? नुसत्या भुकेतून इच्छा पाझरू शकत नाही. पाजणारी एक बाई आहे, तिला स्वतःचं शरीर आहे, स्वतःचं नेणिवेतलं मन आहे. दुधाबरोबर, अंग पुसण्याबरोबर, थोपटण्याबरोबर तिच्याकडून काहीतरी आणखी जातं, जे तिलाही ठाऊक नसतं. बाळ त्याचा अर्थ लावत बसतं आणि सगळा कधीच लागत नाही. त्या न लागलेल्या अर्थातून इच्छा घडते. फ्रॉइडने बाळाच्या ओठांबद्दल एवढं लिहिलं, पण ती छाती एका जित्या बाईची आहे हे तो जवळजवळ विसरलाच, ही लाप्लांशची तक्रार मला पूर्ण पटते.

यात आईचा दोष कुठेच नाही, हे पुन्हा सांगते. न कळत काही पाठवणारी ती एकटी नसते. मुलाला सांभाळणारा प्रत्येक मोठा माणूस हे करतो, कारण नेणीव प्रत्येकाला असते. आणि फ्रॉइडही, बाकी कितीही कडक असला, तरी तिसऱ्या निबंधात लिहितो, की आईने आपल्या लाडाकोडाबद्दल स्वतःला बोल लावू नये. ती मुलाला प्रेम करायला शिकवते आहे.

मग तुझ्या वाक्यात ती आजारपणाची छटा आली कुठून? स्पिट्झकडून. रेने स्पिट्झने १९४६ मध्ये ‘ॲनाक्लिटिक डिप्रेशन’ असं नाव दिलं ते आईपासून तुटलेल्या तान्ह्या बाळांच्या अवस्थेला. त्याने १२३ बाळं पाहिली होती, एका तुरुंगवजा संस्थेतली. आया तिथे बंदिवासात होत्या. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात ज्यांची आई दूर नेली गेली, त्यांतली काही बाळं आधी रडू लागली, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली, वजन घटलं, झोप उडाली. खाणंपिणं, स्वच्छता सगळं मिळत होतं. काही महिन्यांच्या आत आई परत आली तर बहुतेक बाळं सावरली. इथे टेकू म्हणजे ज्यावर जीव टेकलेला आहे ते माणूस. इच्छेच्या उगमाचा या नावाशी संबंध फार पातळ. पुढे सिडनी ब्लाट यांनी १९७४ पासून मोठ्यांच्या नैराश्यालाही हे विशेषण लावलं: सोडून जातील या भीतीने खचणारा तो एक प्रकार, आणि स्वतःला नालायक ठरवून खचणारा दुसरा. आजच्या नियतकालिकांत ‘ॲनाक्लिटिक’ दिसलं तर दहांत नऊ वेळा ते ब्लाट यांचं असतं. तू ब्लाट यांचं विशेषण, फ्रॉइडची निवड आणि उगमाचा सिद्धान्त एका दोऱ्यात ओवलास. निबंधात प्रत्येक ठिकाणी कुणाचा अर्थ ते लिही, निम्मा गोंधळ तिथेच संपेल.

आणि विरोधी पक्षाला तू बोलूच दिलं नाहीस. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनला हॅरी हार्लोने माकडांच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं दिवसाचा बराचसा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. त्याच वर्षी जॉन बोल्बी यांनी लिहिलं, की मुलाची आईशी असलेली ओढ ही पोट भरण्यातून उपजलेली नाही, ती स्वतंत्र आहे. भूक हाच पहिला टेकू, या म्हणण्याला हा जबर धक्का होता. परीक्षक विचारणार तर हेच विचारणार. माझं मत विचारशील, तर धक्का टेकूच्या लाकडाला बसला, टेकण्याला नाही. ओढीने माणूस सुरक्षित होतो. पण सुरक्षित झाल्यावरही जे मागणं संपत नाही, त्याचं उत्तर बोल्बींकडे मला कधी सापडलं नाही. लाप्लांशनेही उत्तरायुष्यात भुकेऐवजी या ओढीलाच तळाशी बसवलं. तू याच्या उलट बाजूने उभी राहिलीस तरी चालेल, पण उभी राहा.

आपल्या देशात या विद्येचं काय झालं तेही थोडं माहीत असू दे. १९२१ मध्ये रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी एक लेख लिहिला. बालपणीच्या एका अवस्थेवरून त्यांनी हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांचा सरसकट निकाल लावून टाकला. अख्खा समाज एका विशेषणात. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. बोस फ्रॉइडला पत्रं लिहीत, आदराने लिहीत, आणि मतभेद असेल तिथे तो स्पष्ट मांडत. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, संस्थेने त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठवली होती. बर्कली-हिल यांच्या वाटेने जायला वेळ लागत नाही, पाचवं पान त्याच वाटेवर आहे. बोसांच्या वाटेने जायला पत्रं लिहावी लागतात.

त्या बाईंपुरतं सांगायचं तर दूध कधी तुटलं हे विचारू नकोस. चाळिशीच्या बाईला ते आठवणार नाही. आईने सांगितलेली गोष्ट असेल, आणि त्या गोष्टीतली आईची बाजू तुला कळणार नाही. भरवायचं कोण, निजायच्या कुणाच्या कुशीत, ताप आला की उशाशी कोण असायचं, आणि त्या माणसाला त्यांचा कंटाळा यायचा का, हे विचार. शेवटच्या प्रश्नावर थांब, तिथे माणसं बोलतात. तुझ्याच टिपणात आहे, की त्यांच्या नावावर बँकेत खातं नाही आणि नवरा महिन्याचे पैसे मोजून देतो. हे तू एका ओळीत उरकलंस आणि ॲनाक्लिसिसवर दीड पान लिहिलंस. खातं नसलेली बाई नवऱ्यावर टेकून असते, त्याला कुठल्याही ग्रीक शब्दाची गरज नाही. आधी ते खातं बघ. मग उरेल ते इच्छेचं.

संज्ञा टाकून दे असं मी म्हणत नाही. उगमाबद्दल ती फार मोलाचं सांगते: इच्छा कधीच एकटी उगवत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून आपली गरज भागत असताना ती लागते. पण हे सगळ्या माणसांबद्दल खरं आहे. जे सगळ्यांबद्दल खरं आहे ते एका बाईचं निदान कसं होईल?

दादाला सांग, मी दिवाळीला येते आहे. त्याआधी पाचवं पान नव्याने लिही, ब्लाट आणि फ्रॉइड वेगळे कर, हार्लो आण. आणि त्या बाईंचे तपशील काढल्याखेरीज तो निबंध यापुढे कुणालाही पाठवू नकोस, मलासुद्धा नाही.

तुझी,
आत्या